मीठ मागाहून घालता येत नाही: लादीपाव भाजताना सॉफ्टवेअरची गुणवत्ता कशी शिकावी

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी घरी लादीपाव भाजले. वरचा पापुद्रा बदामी झाला होता, लादीतून पाव सोडवताना कडेला लांब तंतू सुटत होते, बोटाने दाबलेला पाव स्पंजासारखा वर येत होता आणि आतले तापमान थर्मामीटरवर ९४ अंश सेल्सिअस दिसत होते. तपासण्यासारखे जे जे मला ठाऊक होते ते सारे तपासून झाल्यावर मी पहिला तुकडा तोंडात घातला, तेव्हा मीठ घालायचेच राहून गेल्याचे कळले. ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या आड, वजन करून ठेवलेल्या १० ग्रॅम मिठाची वाटी जशीच्या तशी होती. घरच्यांनी भाजीत मीठ जरा चढे घालून ते पाव संपवले. परंतु भाजून झालेल्या पावात मीठ घालण्याचा उपाय कोणापाशीही नव्हता.

सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि बेमीठ पाव हा त्या कामातला माझा सर्वांत जुना ओळखीचा दोष आहे. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात, पडदा देखणा दिसतो, आणि पहिल्याच ग्राहकाने पहिला घास घेताच मूळ गोष्टच राहून गेल्याचे उघड होते. म्हणून आमच्या चमूत नव्याने आलेल्यांना मी गुणवत्तेची तत्त्वे सांगण्याआधी एकदा लादीपाव करायला सांगतो. घरी ओटीजी (विजेवर चालणारा छोटा ओव्हन), ग्रॅम दाखवणारा काटा आणि अर्धा दिवस एवढे असले की पुरे. पुढे दिलेली कृती पावाचीच आहे. फक्त प्रत्येक टप्प्यावर, आपल्या रोजच्या कामात हेच कोठे घडते, ते थांबून पाहायचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ही तुलना करणारे बहुतेक जण प्रोग्रामरला बेकर आणि प्रोग्रामला पाव मानतात. मला ते पटत नाही. आपण लिहितो तो कोड म्हणजे पाककृती आहे. तिच्याबरहुकूम पाव करणारा संगणक आहे, आणि तो इतका आज्ञाधारक आहे की कृतीत मीठ लिहिले नसेल तर आयुष्यभर बेमीठ पाव करीत राहील आणि एकदाही विचारणार नाही. घरातली माणसे अपुऱ्या कृतीतल्या फटी अनुभवाने बुजवतात. संगणक बुजवत नाही. त्यामुळे आपली कसोटी उत्तम पाव करण्याची नसून, अनोळखी स्वयंपाकघरात, अनोळखी हातांनीही पाव चांगलाच होईल अशी कृती लिहिण्याची आहे.

प्रमाण लिहिताना

बारा पावांच्या लादीसाठी मैदा ५०० ग्रॅम, पाणी किंवा कोमट दूध ३२० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम घ्यावे. बेकरीवाले हेच प्रमाण मैद्याला १०० धरून टक्क्यांत मांडतात: द्रव ६४, लोणी ८, साखर ५, मीठ २ आणि यीस्ट सुमारे दीड. या मांडणीचा फायदा असा की पाव बारा करायचे असोत किंवा बाराशे, कृती बदलावी लागत नाही, आणि एखादा आकडा चुकला असेल तर तो कागदावरच खटकतो. मीठ ५ टक्के लिहिलेले दिसले की पीठ न मळताही चूक सापडते. कोड रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्याने कोड वाचून तपासताना, जे दोष सापडतात ते या जातीचे असतात, आणि दोष शोधण्याची त्याहून स्वस्त जागा मला तरी ठाऊक नाही.

द्रवासकट सगळे जिन्नस ग्रॅममध्ये लिहिले आहेत, ते हेतुपुरस्सर. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा, आणि आपल्याकडच्या वाटीला तर मापच नाही. शिवाय तोच कप मैद्यात बुडवून दाबून भरला तर १५० ग्रॅम भरतो आणि चमच्याने हलकेच भरला तर १२० ग्रॅम. चार कपांमागे १२० ग्रॅमचा फरक पडला की मऊ पावाऐवजी दगड हाती येतो, आणि कृती देणारा व करणारा दोघेही शपथेवर सांगू शकतात की चारच कप घातले होते. एककांचा हा घोळ स्वयंपाकघरापुरता राहिलेला नाही. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी नष्ट झाले, त्याचे कारण असे की जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे, म्हणजे इंजिनांनी यानाला दिलेल्या धक्क्याचे, आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि पुढच्या गणिताने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. जवळजवळ साडेचार पटींचा हा फरक महिनोन्‌महिने साचत गेला. आकडा बरोबर होता; त्याच्यापुढचे एकक गृहीत धरले गेले होते. दोन चमूंमध्ये, दोन सेवांमध्ये जेथे जेथे आकडा हातातून हातात जातो, तेथे एकक नावातच लिहावे. ‘मुदत’ असे न लिहिता ‘मुदत_सेकंद’ असे लिहिण्यास काहीही पैसे पडत नाहीत.

‘चवीपुरते मीठ’

मराठी पाककृतींत हा शब्दप्रयोग सर्वत्र आढळतो आणि भाजी-आमटीसाठी तो योग्यही आहे, कारण तेथे शिजताना चाखता येते आणि कमी पडले तर वरून घालता येते. पावात ही सोय नाही. मीठ एकदा पिठात मळले की मळले; त्यामुळे ‘चवीपुरते’ म्हणजे नेमके किती, हे पीठ भिजवण्याआधी ठरवावे लागते.

आपल्या कामात ग्राहकाकडून येणाऱ्या अपेक्षा बहुधा ‘चवीपुरत्या’ असतात. अहवाल लवकर उघडावा, शोध सोपा असावा, माहिती सुरक्षित राहावी. या वाक्यांत चूक काहीच नाही, फक्त त्यांवर चाचणी लिहिता येत नाही. नव्या सहकाऱ्याला मी अशा वाक्याचे ग्रॅममध्ये रूपांतर करायला लावतो: एका वेळी २०० जण वापरत असताना, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, १०,००० नोंदींचा अहवाल ३ सेकंदांत उघडला पाहिजे. हे लिहिताना तो ग्राहकाकडे तीनदा जातो, कारण ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ हा तपशील पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही. त्या तीन फेऱ्यांचा काही व्यवस्थापकांना कंटाळा येतो. मला मात्र चमूच्या साऱ्या कामात त्या तीन फेऱ्या सर्वांत मोलाच्या वाटतात.

ओव्हन आधी ओळखावा

कृतीत २०० अंश लिहिले आहे म्हणून खुंटी २०० वर फिरवली, एवढ्याने आत २०० अंश होत नाहीत. माझ्या ओटीजीची खुंटी २०० वर असते तेव्हा आत ठेवलेला थर्मामीटर १८२ दाखवतो, आणि मागचा डावा कोपरा पुढच्या उजव्यापेक्षा निश्चित जास्त तापतो. हे मला तीन लाद्या फसल्यावर कळले. तोपर्यंत मी यीस्टलाच दोष देत होतो. म्हणून पाव करण्यापूर्वी ओव्हन रिकामा तापवून, आत स्वस्तातला थर्मामीटर ठेवून, पंधरा मिनिटांनी आकडा पाहावा आणि खुंटी त्याप्रमाणे पुढेमागे करावी. परदेशी कृतीत ३५० लिहिलेले असेल तर ते फॅरनहाइट आहे, म्हणजे आपले सुमारे १७७ सेल्सिअस, हेही येथेच तपासून घ्यावे.

‘माझ्या मशीनवर तर चालते’ हे वाक्य आमच्या व्यवसायात विनोद म्हणून सांगितले जाते, परंतु ते बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या ओव्हनमध्ये पाव खरोखरच उत्तम झालेला असतो. युरोपच्या एरियान ५ या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात, ४ जून १९९६ रोजी, नेमके हेच झाले. दिशादर्शक यंत्रणेचा कोड एरियान ४ वर व्यवस्थित चालत आला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा बराच अधिक असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही, यंत्रणा बंद पडली आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत अग्निबाण नष्ट झाला. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की गणिताच्या त्या भागाचे उड्डाणानंतर काही कामच नव्हते. तो जुन्या कृतीतून तसाच आला होता. दुसऱ्याची कृती आणताना तीत कोणता ओव्हन गृहीत धरला आहे हे विचारावे, आणि जे जिन्नस आपल्याला लागत नाहीत ते काढून टाकावेत.

मधल्या चाचण्या

मैदा, यीस्ट, साखर आणि मीठ कोरडेच एकत्र करून त्यात कोमट द्रव घालावे. बोटाला जेमतेम उबदार लागेल एवढे, म्हणजे ३५ ते ३८ अंशांचे द्रव योग्य; उकळत्या पाण्याने यीस्ट मरते. गोळा झाल्यावर दहा-बारा मिनिटे मळावे, त्यातील शेवटच्या पाच मिनिटांत लोणी थोडे थोडे घालावे. पीठ सुरुवातीला हाताला बरेच चिकटते. या टप्प्यावर वरून कोरडा मैदा घालण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि तो आवरला पाहिजे, कारण मळत गेल्यावर तेच पीठ आपोआप ओट्यापासून सुटू लागते.

मळून झाले का हे घड्याळाला न विचारता पिठाला विचारावे. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणावा. खिडकीसमोर धरल्यावर उजेड आरपार दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता झाला, तर ग्लुटेनची, म्हणजे पीठ धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची, जाळी तयार झाली आहे. लगेच फाटला तर आणखी तीन मिनिटे मळून पुन्हा पाहावे. पुढे पीठ झाकून ठेवल्यावर ते दुप्पट झाले का, आणि बारा गोळे लादीत लावून पुन्हा फुगवल्यावर ओले बोट टेकवून पडलेली खळी हळूहळू अर्धी भरून येते का, हे पाहावे. खळी झटकन भरली तर वेळ द्यावा. मुळीच भरली नाही तर वेळ उलटून गेली आहे.

या तीन चाचण्यांचे वैशिष्ट्य असे की प्रत्येकीला अर्धा मिनिट लागतो, प्रत्येक चाचणी एकच प्रश्न विचारते, आणि उत्तर नकारार्थी आले तर बहुधा अजून काहीतरी करता येते. प्रोग्रामचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या युनिट चाचण्या अशाच असाव्यात. सगळी तपासणी रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती देण्याच्या, आदल्या आठवड्यात करणारी संस्था लादी ओव्हनमधून बाहेर आल्यावर पापुद्रा ताणून पाहत असते. तेव्हा दोष सापडतो, हे खरे. पण त्याचे करायचे काय, हे कोणी सांगू शकत नाही.

तथापि चाचणी ज्याबद्दल प्रश्न विचारत नाही त्याबद्दल ती गप्प राहते, हेही लक्षात ठेवावे. माझ्या बेमीठ लादीने पापुद्रा, फुगणे, खळी, रंग आणि तापमान या पाचही चाचण्या उत्तम उत्तीर्ण केल्या होत्या. मीठ यीस्टचा वेग आवरते. मीठ नसल्याने त्या दिवशी पीठ नेहमीच्या तासाऐवजी चाळीस मिनिटांतच दुप्पट झाले होते. ते मी पाहिले होते. आज हवा दमट आहे, असे मनाशी म्हणून पुढे गेलो होतो. रोज वीस मिनिटे घेणारा चाचणीसंच एखाद्या दिवशी सहा मिनिटांत संपून हिरवा, म्हणजे सर्व उत्तीर्ण, दिसला तर आनंद न मानता, कोणत्या चाचण्या चाललेल्याच नाहीत ते आधी शोधावे. अपेक्षेपेक्षा चांगला निकाल हासुद्धा तपासण्याचा विषय आहे, ही सवय लागायला मला सर्वाधिक वेळ लागला.

त्या लादीनंतर मी ‘पुढच्या वेळी मीठ नीट आठवून घालीन’ असा निश्चय केला नाही, कारण असे निश्चय महिनाभर टिकतात. मी क्रम बदलला. मीठ आता वेगळ्या वाटीत मोजले जात नाही. काट्यावर मैद्याचे पातेले असतानाच काटा शून्यावर आणून मीठ थेट त्यात पडते. बाकीच्या वाट्या एका ताटात राहतात आणि मळणे संपताना ताट रिकामे असावे लागते. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीत, दोष निसटल्यावर होणाऱ्या बैठकीत कोण विसरले याची चौकशी करण्यात तास घालवण्याऐवजी, विसरताच येणार नाही असा कोणता बदल करता येईल, एवढाच प्रश्न विचारावा.

घाई आणि पहिला घाणा

लादीला दुधाचा हात फिरवून २०० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावे आणि निम्म्या वेळेस ताट फिरवून ठेवावे. पाहुणे दारात आले म्हणून २५० अंशांवर दहा मिनिटांत भाजू गेल्यास वरून करपते आणि आत ओला चिकट गोळा राहतो. संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे लावल्याने तो अधिकच लांबतो. तेव्हापासून ते वाक्य सर्वांना पाठ आहे आणि माणसे लावणे चालूच आहे.

कृतीत बदल केला असेल, समजा एक-चतुर्थांश मैदा गव्हाच्या पिठाने बदलला असेल, तर पूर्ण लादी एकदम भाजू नये. दोन गोळे लहान डब्यात भाजून पाहावेत आणि बाकीचे फ्रिजमध्ये ठेवावेत. थंडीने यीस्ट मंदावते आणि परतीची वाट मोकळी राहते. आपल्या घरांत हे शहाणपण जुने आहे. दिवाळीत अनारशांची कढई कोणी पहिल्यांदाच भरून सोडत नाही. एकच अनारसा तुपात सोडतात. तो हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा एकच सोडून पाहतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने सदोष अपडेट जगभर एकाच वेळी सोडले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले. परंतु आधीच बंद पडलेल्या संगणकापर्यंत ती माघार पोहोचत नव्हती आणि असंख्य यंत्रे माणसांनी एकेक करून हाताने दुरुस्त केली. एक टक्का वापरकर्त्यांना आधी, दिवसभर थांबून दहा टक्क्यांना, मग बाकीच्यांना, असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक टप्प्यावर मागे कसे फिरायचे हे आधी करून पाहिलेले असावे.

तुलना कोठे थांबवावी

बेकरीत हजार पावांतला एखादाच बिघडू शकतो, म्हणून तेथे पाच-दहा उचलून तपासणे उपयोगी पडते. सॉफ्टवेअरची प्रत्येक प्रत सारखीच असते. एकीत दोष असला की सगळ्यांत असतो, त्यामुळे प्रती तपासून काही हाती लागत नाही. तेथे बदलायचे असते ते समोर येणारे साहित्य: रिकामे नाव, देवनागरीतले आडनाव, २९ फेब्रुवारीची जन्मतारीख, मध्येच तुटलेले नेट. दुसरे असे की पाव दुरुस्त होत नाही आणि सॉफ्टवेअर होते. ही सोय मोठी आहे, आणि ‘पुढच्या रिलीजमध्ये पाहू’ या आळसाचे मूळही तीच आहे. माझा अनुभव असा की पहिल्या दिवशी वगळलेले मीठ, म्हणजे परवानग्यांची तपासणी, त्रुटींच्या नोंदी, विदेचा (डेटाचा) बॅकअप, दोन वर्षांनी घालायला घेतले की अर्धे पीठ पुन्हा मळावे लागते.

शेवटचा टप्पा वहीचा. लादी बाहेर काढून लोण्याचा हात फिरवावा, सुती कापडाने झाकून अर्धा तास निवू द्यावी, आणि त्या अर्ध्या तासातच लिहून काढावे; रात्री लिहू म्हटले की आकडे आठवत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत पहिल्या ओळीत असावी, म्हणजे पुढे कोणत्या बदलाने काय झाले ते शोधता येते. माझ्या वहीतली डिसेंबरमधली एक नोंद अशी आहे: ‘बदल: पाण्याऐवजी दूध. खोली १९ अंश. पहिले फुगणे १ तास ४० मिनिटे. खुंटी २२०, आत २०१. वेळ १९ मिनिटे. रंग लवकर चढला, शेवटची ५ मिनिटे फॉइल. चव बरी. मीठ घातले.’